आईची पुरचुंडी

सेवानिवृत्त माणसाला घरात दोनच हक्काच्या जागा उरतात. एक वर्तमानपत्रामागची खुर्ची आणि दुसरी बाल्कनीतल्या कुंड्यांजवळची. पहिल्या जागेवरून चहा मागता येतो. आणि चहा वेळेवर आला नाही, तर दुसऱ्या जागेवर जाऊन आपण कामात होतो असे दाखवता येते. मी ३६ वर्षे बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजले. बागकामातले माझे ज्ञान तुळस आणि कोरफड यांच्यापलीकडे कधी गेले नव्हते, आणि त्या दोघीही मला न जुमानता जगतात, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. अशा माणसाने बियाण्याविषयी लिहावे, हे तुम्हाला थोडे धाडसाचे वाटेल. मलाही वाटते. पण झाले ते असे.

२०२३ च्या मे महिन्यात गावाहून पुतण्या आला. आंब्यांची पेटी त्याने दारात टेकवली, वाकून नमस्कार केला आणि खिशातून फडक्याची एक लहानशी पुरचुंडी काढून माझ्या हातावर ठेवली.

"आईने दिलीय. माळा झाडताना सापडली. आजीची आहे म्हणाली."

पुरचुंडी इतकी हलकी होती, की ती रिकामीच असावी असे मला वाटले. जुन्या लुगड्याचा तुकडा, त्याला दोन गाठी. वरची सैल आणि आतली घट्ट. ही माझ्या आईची गाठ. वरची गाठ मुलांसाठी आणि आतली उंदरांसाठी, असे ती म्हणायची. मुलांनी वरची सोडली की आतली सोडीपर्यंत तिला स्वयंपाकघरातून यायला वेळ मिळे! मी आतली गाठ सोडली. राख निघाली, आणि राखेत माखलेल्या चपट्या, फिक्या पिवळ्या बिया. वर्तमानपत्रावर पसरून मोजल्या, तेव्हा ४८ भरल्या. बँकेची सवय, दुसरे काय!

त्या बिया तवशाच्या होत्या. देशावरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की तवसे म्हणजे कोकणातली पावसाळी काकडी. पण काकडी म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे नाजूक प्रकरण उभे राहते ते हे नव्हे. मृगात बी टाकावे, वेल मांडवावर चढवावा आणि भाद्रपदात हाताएवढी लांब, दीड-दोन किलोंची तवशी लोंबकळताना पाहावी. कोवळे असेपर्यंत त्याची कोशिंबीर होते. पिकून पिवळे झाले की ते किसून, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे घालून, खाली निखारे, वर निखारे ठेवून जो गोड पदार्थ करतात, त्याला आम्ही रत्नागिरीकडचे लोक धोंडस म्हणतो. खाली गोव्याकडे तवसळी म्हणतात. आईच्या वेलाची तवशी देठाकडेही कडू नसत, अशी त्यांची आळीभर ख्याती होती. दर वर्षी वेलावरचे पहिले चांगले तवसे ती चिंधी बांधून राखून ठेवी. त्या चिंधीला हात लावायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती, वडिलांचीही नाही. तिच्या आईकडून आलेले ते बी होते आणि तिच्या आईला ते कुठून मिळाले, हे सांगणारे कोणी उरलेले नाही.

आई २०१६ च्या माघात गेली. म्हणजे हे बी २०१५ च्या भाद्रपदातले. जवळजवळ आठ वर्षे ते माळ्यावर पडून होते.

पण घरात दादा होता, वहिनी होती. मग त्यांनी ते लावले का नाही? रात्री वहिनीला दूरध्वनी केला.

"भावोजी, दोन वर्षं लावलं हो. पण माकडं काही ठेवतात का? फूल धरलं की खुडलं, फळ धरलं की ओरबाडलं. तिसऱ्या वर्षी बियाण्यापुरतंसुद्धा तवसं हाती लागलं नाही. मग आम्ही नाद सोडला. आता माळा झाडताना ही एक पुरचुंडी मिळाली. तुमच्या गच्चीवर माकडं येत नाहीत ना? मग बघा लावून. नाहीतर संपलंच म्हणायचं."

कोकणात माकडांनी किती परसांतली भाजी बंद पाडली आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या बोलण्यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

"दादा काय म्हणतो?" मी विचारले.

वहिनी जरा थांबली. "त्यांना ठाऊक नाही, मी पाठवलंय ते."

इथे आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. आई गेल्यावर वर्षाच्या आत माझे आणि दादाचे मागच्या परसाच्या वाटणीवरून बिनसले. मी बँकेतला, त्यामुळे हिशेब मला तोंडपाठ. दादा गावातला, त्यामुळे हद्दी त्याला तोंडपाठ. दोघांचेही बरोबर होते, म्हणूनच ते भांडण मिटेना. मोजणी झाली, खुंट रोवले गेले, मधे तारेचे कुंपण पडले. त्यानंतर आम्ही बोललो ते पुतण्याच्या लग्नात, अक्षता टाकण्यापुरते. आंब्यांची पेटी दर वर्षी येत असे. पण ती वहिनीची असे, दादाची नव्हे, हे दोन्हीकडे माहीत होते.

तेव्हा ४८ बियांचा हा ऐवज माझ्याकडे आला तो असा, चोरून.

मृग लागताच मी आईप्रमाणेच मातीत बोट खुपसून, एका कुंडीत दोन याप्रमाणे १० बिया लावल्या. रोज सकाळी उठून बघावे, तर माती जशीच्या तशी. बाराव्या दिवशी धीर सुटला आणि माती उकरली. बिया होत्या, पण बोटांत दाबताच आतून पाणी निघाले.

मग माझ्यातला वाचक जागा झाला. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त बिया दुधात भिजवाव्यात असे सांगितल्याचे कुठेसे वाचले होते. पुढचे नीट वाचायचे राहून गेले. कोमट पाण्यात दूध घालून मी आणखी १० बिया पेल्यात टाकल्या आणि चांगल्या मुराव्यात म्हणून दोन दिवस ठेवल्या. तिसऱ्या दिवशी त्या पेल्याला जो वास येऊ लागला, त्याने आमच्या सौभाग्यवती बाल्कनीत आल्या.

"अहो, इतकी वर्षं घरात मटकी खाताय. ती कधी दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवलेली पाहिलीत का?"

मी गप्प बसलो. त्या १० बियांतली एकही उगवली नाही. ४८ तल्या २० गेल्या आणि हाती शिल्लक २८.

शेवटी शेजारच्या अण्णांना गाठले. अण्णा कृषी खात्यातून निवृत्त झालेले, आणि त्यातही आयुष्यभर बीजपरीक्षणाच्या कामात. एरवी त्यांच्याशी माझे बोलणे पाण्याच्या टाकीवरून होई. त्यांनी एक बी चष्म्याजवळ धरून पाहिले आणि विचारले, "बाकीच्या कुठे आहेत?" मी सगळे कबूल केले. डॉक्टरने रोग्याच्या नातेवाइकाकडे बघावे तसे त्यांनी माझ्याकडे बघितले.

"बी म्हणजे सुकवून ठेवलेली वस्तू नव्हे," ते म्हणाले. "बी म्हणजे शिदोरी बांधून निजलेला जीव. अगदी मंद, पण त्याचा श्वास चालू असतो. आणि निजल्या निजल्या तो म्हातारा होत असतो."

हे म्हातारपण येते कसे, तेही त्यांनी सांगितले. तवशाच्या बीत तेल असते. तेल हवेने खवट होते, हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. शेंगदाणे खवट होतात, खोबरे खवट होते, तसे बीच्या आतले स्निग्धांशही खवट होतात. प्रत्येक पेशीभोवतीचे पातळ पटल याच स्निग्धांशाचे बनलेले असते. ते जीर्ण झाले, की पेशी जुन्या छपरासारखी गळू लागते. असे बी एकदम पाण्यात टाकले, म्हणजे पाणी धो धो आत शिरते आणि आतली साखर व क्षार बाहेर येतात. त्या गोडव्यावर बुरशी धावून येते. प्रयोगशाळेत तर बिया भिजवलेल्या पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून बियाण्याचा जोम ताडतात. क्षार जितके जास्त गळले तितकी वीज जास्त वाहते, आणि तितके बी अशक्त.

"म्हणजे तुमच्या पेल्यातला तो वास," अण्णा म्हणाले, "बियांची शिदोरी सांडल्याचा होता."

"मग आईने राखेत ठेवले होते त्याचा काही उपयोग नाही झाला?"

"झाला म्हणून तर आठ वर्षांनी मी बोलायला बसलो आहे. राख ओल शोषते आणि किडीलाही दूर ठेवते. हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाचा एक ढोबळ नियम आहे. बीतला ओलावा शंभरात एकाने कमी केला की त्याचे आयुष्य दुप्पट होते. आणि साठवणीची जागा पाच अंशांनी थंड केली की पुन्हा दुप्पट. तुमच्या आईने पहिला अर्धा नियम पाळला. पण कोकणातल्या आठ पावसाळ्यांपुढे राख तरी किती पुरी पडणार?"

मला आठवले, की आमच्याकडे तवशाच्या बिया शेण-राखेत घोळून चुलीजवळच्या भिंतीवर थापून ठेवत. भिंतीवरच्या त्या गोवऱ्या आम्हाला लहानपणी अडाणीपणाच्या वाटत. त्यात ओल, ऊब आणि कीड या तिन्हींचा विचार होता, हे कळायला मला साठी उलटावी लागली.

आता उपाय! अण्णांनी कागदावर एक रेघ काढली. ती आधी चढत गेली, मग सपाट झाली आणि मग पुन्हा चढली. बी पाणी पिते ते या तीन पायऱ्यांनी. पहिल्या पायरीवर ते भराभर पाणी ओढते. हे तर मेलेले बीसुद्धा करते. दुसऱ्या पायरीवर पाणी पिणे जवळजवळ थांबते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, काहीच घडत नाही. पण जे काही घडते ते इथेच. बी आपली मोडतोड तपासून पाहते, पटले सांधते, तुटलेले आनुवंशिक धागे जुळवते, बंद पडलेली यंत्रे सुरू करते. तिसऱ्या पायरीवर मूळ बाहेर येते. मूळ बाहेर येण्यापूर्वी बी पुन्हा सुकवले तर ते सहन करते. मूळ आल्यावर सुकवले की मेले. तेव्हा बीला दुसऱ्या पायरीपर्यंत हळूहळू न्यायचे, तिथे डागडुजीला अवधी द्यायचा, आणि मूळ फुटण्याआधी सावलीत सुकवून मग पेरायचे. यालाच इंग्रजीत प्रायमिंग म्हणतात. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या हायडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणात बिया ठेवून हे करून दाखवले. त्या द्रावणात बी पाणी पिते ते बेतानेच. पण गरिबाचे प्रायमिंग साध्या पाण्यानेही होते. १९९० च्या दशकात गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या आदिवासी शेतकऱ्यांनी मका, भात आणि हरभऱ्याचे बी रात्रभर भिजवून, सकाळी वरवर सुकवून पेरून पाहिले. पीक लवकर उगवले आणि जोमाने वाढले, असा त्यांचा अनुभव नोंदवला गेला आहे.

हे सगळे आमच्या सौभाग्यवती दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे मटकी. आधी भिजवायची, मग उपसून ओल्या फडक्यात बांधायची. मोड येण्याच्या जरा आधी सोडायची, एवढंच ना?"

अण्णांनी कपाळाला हात लावला. "वहिनी, तीस वर्षं मी हेच प्रशिक्षण देत होतो. तुम्ही आधी भेटला असतात तर सरकारचा खर्च वाचला असता."

"आणि त्यात जे गणंग निघतात, त्यांचं काय?"

"गणंग हा निराळा प्रकार. त्याचे कवचच पाणी आत घेत नाही. या तवशाच्या बिया गणंग नाहीत. यांची तक्रार उलटी आहे. या पाणी आवरू शकत नाहीत. म्हणून यांना भिजवायचेसुद्धा नाही. पिळलेल्या ओल्या फडक्यातच ठेवायच्या. घोट घोट पाणी पिऊ द्यायचे. उपासाच्या माणसाला आपण एकदम पंगतीला बसवतो का?"

त्या रात्री मी कपाटातून कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' काढले. शामशास्त्री यांनी म्हैसूरला सापडलेल्या हस्तलिखितावरून १९०९ साली हा ग्रंथ छापला, तेव्हापासून राजकारणासाठी तो सगळे वाचतात. शेतीच्या अधिकाऱ्याचे, सीताध्यक्षाचे, प्रकरण मात्र पुष्कळजण ओलांडून जातात. मीही ओलांडले होते. त्यात सांगितले आहे, की धान्याचे बी सात रात्री दवात ठेवावे आणि दिवसा उन्हात सुकवावे. शेंगांतल्या धान्यांना तीन किंवा पाच रात्री पुरेत. सरकीसारख्या टणक बियांना शेण चोळावे. मी ते दोनदा वाचले. रात्री दव पाजायचे आणि दिवसा सुकवायचे! नॉटिंगहॅमचे द्रावण नव्हते तेव्हा आकाशातून थेंब थेंब मोजून पाणी देण्याची ही तोड कोणा शेतकऱ्याने काढली असेल कोण जाणे. कौटिल्याने तिची नोंद केली. चाणक्याच्या शेंडीबद्दल आपण पुष्कळ ऐकतो. त्याला बियाण्याची तहान कळत होती, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना वचन देऊन बसलो, आणि त्यांनी मला पेचात टाकले. ते म्हणाले, "२८ पैकी १४ बियांना उपचार करा. उरलेल्या १४ तशाच पेरा."

"का? सगळ्यांनाच उपचार करू की!"

"आणि उगवल्या तर कशामुळे उगवल्या ते कसे कळणार? उद्या तुम्ही माझ्या नावाने नवस बोलाल. ते मला नको आहे."

मला राग आला. ही प्रयोगशाळा नव्हती. ही माझ्या आईची शेवटची चिमूट होती. सौ. तर स्पष्टच म्हणाली, की सगळ्या २८ फडक्यात बांधा आणि अण्णांना काय वाटायचे ते वाटू द्या. रात्रभर मी तळमळलो. पण आयुष्यभर ज्याने जमेच्या बाजूला खर्चाची बाजू ताडून पाहिल्याशिवाय सही केली नाही, त्याला शेवटी अण्णांचेच पटले. ज्याची पडताळणी करता येत नाही असे यश माझ्या हातून वहिनीला सांगवले नसते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी सहा वाजता सौ.ने सुती फडके भिजवून घट्ट पिळले. त्यात १४ बिया एकीला एक न चिकटतील अशा मांडल्या, घडी घातली आणि ती झाकणाच्या डब्यात ठेवली. मी रात्री तीनदा उठून डबा उघडला. तिसऱ्या वेळी सौ. अंधारातूनच म्हणाली, "झोपू द्या त्यांना." सकाळी दहाला बिया सोडल्या. त्या किंचित फुगल्या होत्या; मूळ एकीचेही बाहेर आले नव्हते. त्या दिवसभर सावलीत वर्तमानपत्रावर सुकल्या. दुसऱ्या सकाळी उपचाराच्या १४ आणि तशाच १४, वेगवेगळ्या खुणेच्या कुंड्यांत, एकाच मातीत, सारख्याच खोलीवर पेरल्या.

पाचव्या दिवशी उपचाराच्या एका कुंडीत माती उचललेली दिसली. आधी वाटले, मुंगीने उकरली असेल. दुपारी तिथे हिरवी कमान होती. मी सौ.ला हाक मारली ती इतक्या मोठ्याने, की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. आठव्या दिवसापर्यंत अशा पाच झाल्या. उपचाराविना पेरलेल्यांत दहाव्या दिवशी दोन उगवल्या. त्यांतल्या एकीच्या डोक्यावर कवच टोपीसारखे अडकून बसले आणि पाने उघडेचनात. ती चार दिवसांत कोलमडली. दुसरी जगली, पण खुरटीच राहिली. बाकीच्या २१ बिया मात्र मातीतच राहिल्या.

"१४ त ५ आणि १४ त २," मी अण्णांना विजयी मुद्रेने सांगितले.

"एवढ्यावरून शास्त्र सिद्ध होत नाही. प्रयोगशाळेत आम्ही ४०० बिया लावतो," ते म्हणाले. पण बाल्कनीत येऊन ते त्या पाच रोपांपुढे बराच वेळ उकिडवे बसले. उठताना म्हणाले, "एक लक्षात ठेवा. उपचाराने मेलेले बी उठत नाही. जे जिवंत आहे पण थकले आहे, त्याला फक्त वेळ मिळतो. त्या नऊ बियांत तुमची काही चूक नव्हती."

मी काहीच विचारले नव्हते. तरी ते बोलले, याचे मला बरे वाटले.

पुढे पाचातली दोन रोपे गोगलगायींनी खाल्ली. तीन वेल संस्थेच्या गच्चीवर गेले. त्यासाठी अध्यक्षांना काय काय समजावावे लागले, तो एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे. गच्चीवर दुसऱ्या एका बिऱ्हाडाच्या साध्या काकड्या होत्या आणि मधमाशीला बिऱ्हाडे कळत नाहीत. तिने तिकडचे पराग इकडे आणले, तर आईचे बी पुढच्या पिढीत आईचे राहिले नसते. म्हणून अण्णांच्या सांगण्यावरून मी संध्याकाळी उमलू घातलेल्या मादी फुलाची आणि नर फुलाची तोंडे दोऱ्याने बांधून ठेवी आणि पहाटे ती सोडून नर फूल मादी फुलात हलकेच फिरवून पुन्हा दोरा बांधी. ३६ वर्षांच्या नोकरीत मी इतक्या पहाटे कधी उठलो नव्हतो. आठ फुलांतली तीन धरली. त्यातले एक तवसे वाढत वाढत दीड किलोचे झाले. सौ.ने न सांगता त्याला चिंधी बांधली.

गणपतीत ते हिरवे होते. नवरात्रात पिवळे झाले. आमच्या घरी घट बसतात. घटाभोवतीच्या मातीत टाकलेली धान्ये कशी वर येतात यावरून जुनी माणसे पुढचे पीक कसे येईल ते सांगत. मला ती नुसती श्रद्धा वाटे. या वेळी पाहिले, तर ती घरोघर होणारी बियाण्याची परीक्षाच होती. दसरा झाल्यावर सौ.ने तवसे कापले. पहिली फोड देठाकडची कापून तिने माझ्यापुढे धरली. मी जिभेला लावली.

कडू नव्हती.

धोंडस झाले, पण गॅसवर, निखाऱ्यांवाचून. ते आईच्यासारखे झाले असे मी म्हणणार नाही, आणि सौ.लाही ते चालणार नाही. बिया गरासकट एक दिवस ठेवून, धुऊन, सावलीत खडखडीत वाळवल्या. दोनशेच्या वर भरल्या. अर्ध्या काचेच्या बाटलीत घट्ट बंद करून शीतकपाटात गेल्या, म्हणजे हॅरिंग्टनचा दुसरा अर्धा नियमही पाळला गेला. उरलेल्या अर्ध्या राखेत घोळून आईच्या त्याच फडक्यात बांधल्या.

"कुरिअरने पाठवू या का?" मी विचारले.

अण्णा समोरच बसले होते. ते म्हणाले, "हे ताजे बी आहे, थांबेल. पण उपचार केलेले बी फार दिवस ठेवता येत नाही, हे सांगायचे राहिले. एकदा जागे केले, की त्याला लवकर मातीत घालावे लागते. फार दिवस तसेच ठेवले तर ते आधीपेक्षाही लवकर जाते." ते बियांविषयीच बोलत होते. पण गेले चार महिने मी वहिनीला दर आठवड्याला दूरध्वनी करून रोपांची बातमी देत होतो, आणि शेवटी शेवटी पलीकडे कोणीतरी दुसरेही ऐकत आहे असे मला वाटू लागले होते.

२०२३ च्या दिवाळीत मी गावी गेलो. सात वर्षांनी. दादा पडवीत बसला होता. केस सगळे पांढरे. मी पुरचुंडी त्याच्या हातावर ठेवली. त्याने वरची गाठ सोडली, आतली सोडली, एक बी राखेतून काढून नखाने टोकरले.

"कडू नाही ना निघालं?"

"नाही."

"देठाकडचं बघितलंस?"

"तेच बघितलं."

त्याने मान हलवली, पुन्हा दोन्ही गाठी मारल्या आणि आत बघून म्हणाला, "अगं, चहा टाक." एवढेच आमचे बोलणे झाले. परसाचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

२०२४ च्या मृगात त्याने बी लावले. माकडांसाठी वरून जाळी घातली. मांडव कुठे घातला, ते मला गणपतीत गेल्यावर दिसले. ऊन तिथेच चांगले असते म्हणून त्याने तो बरोबर तारेच्या कुंपणावर घातला होता, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. वेलाने मोजणीचा नकाशा पाहिलेला नव्हता. चार तवशी माझ्या बाजूला लोंबत होती, तीन त्याच्या. एकाला चिंधी बांधली होती.

"ते बियाण्याचं," दादा म्हणाला. "त्याला हात लावू नकोस."